मिशनरी मुलाचा आखीव दिवस आणि मार्च २०२०: एक प्रकरण

या प्रकरणातला मुलगा अमेरिकेतल्या युटा राज्यातला, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला एका उपनगरात वाढलेला. २०१९च्या उन्हाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, तो आपल्या, म्हणजे मॉर्मन, चर्चचा मिशनरी म्हणून फिलिपिन्सला गेला. जायचं होतं दोन वर्षांसाठी. पुढच्या मार्चमध्ये घरी परतला. मी इथल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं काम करते. २०२१च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो माझ्याकडे आला. त्याची तक्रार एका वाक्यात मावणारी होती: "सकाळी जाग येते, पण उठायचं कशासाठी ते कळत नाही." त्याच्या संमतीने हे लिहिते आहे. गाव, मिशनचं नाव, घरच्यांचे तपशील गाळले आहेत.

मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. युटात आता मराठी घरं बरीच झाली आहेत. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी अशी जोडी दारात उभी राहिली, की आपण हसून "नको, थँक यू" म्हणतो आणि दार लावतो. दाराबाहेरच्या त्या पोराचा उरलेला दिवस कसा जातो, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्या दिवसाची बांधणी कळल्याशिवाय या मुलाला नेमकं काय झालं होतं ते कळत नाही.

आधी थोडी माहिती. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्यांच्या चर्चचं नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथने १८३०मध्ये न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं. मुख्यालय आज सॉल्ट लेक सिटीत आहे. 'मॉर्मन' हे नाव वापरू नये असं चर्चचं नेतृत्व २०१८पासून आग्रहाने सांगतं. मुलगे अठराव्या वर्षापासून मिशनवर जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी. वयाची अट २०१२मध्ये शिथिल झाली आणि तेव्हापासून जाणाऱ्या मुलींची संख्या चांगलीच वाढली. कुठे जायचं ते मुलाच्या हातात नसतं. अर्ज भरायचा, डॉक्टरची आणि दंतवैद्याची तपासणी करून घ्यायची, मग मुख्यालयाकडून नेमणूक येते. ती सगळं घर जमवून उघडतात. पगार नाही, उलट खर्च घरून द्यायचा. या मुलाच्या वेळी अमेरिकन घरातून महिन्याला ४०० डॉलर जात. जुलै २०२०पासून ५०० झाले. टोकियोला नेमणूक होवो की मनिलाला, रक्कम तीच. त्याने अकरावी-बारावीच्या सुट्ट्यांत लोकांच्या बागांत गवत कापून त्यातला बराच भाग साठवला होता.

युटातल्याच प्रोव्हो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे टागालोग भाषा आणि शिकवण्याची पद्धत शिकून तो लुझॉन बेटावरच्या एका लहान शहरात पोहोचला. फिलिपिन्स हा या चर्चसाठी नवखा देश नाही. १९६१मध्ये तिथे काम सुरू झालं, मनिलात १९८४पासून मंदिर आहे, आणि सभासदसंख्येत अमेरिका, मेक्सिको, ब्राझील यांच्यानंतर याच देशाचा क्रमांक लागतो. मात्र देश मुख्यतः कॅथलिक. म्हणजे ज्या घरांत हा मुलगा जात होता तिथे येशू आधीपासून भिंतीवर होता, आणि त्याच्याविषयी बोलायला आलेल्या परक्या पोराला खुर्ची मिळत होती.

साडेसहाला उठायचं. हा जगभरचा नियम. स्थानिक परिस्थितीप्रमाणे थोडं मागेपुढे करण्याची मुभा २०१७पासून आली. उठल्यावर गुडघे टेकून प्रार्थना, मग अर्धा तास व्यायाम. तो आणि त्याचा सोबती मिशनरी यांच्या खोलीत जागा इतकीच की एकाने जोर काढायचे आणि दुसऱ्याने पलंगावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहायची. मग अंघोळ. बादली आणि टमरेल. शॉवरखाली वाढलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात बादलीभर पाण्यात डोक्याचा साबण जाईना. सोबत्याने शिकवलं: टमरेल कपाळाशी धरायचं, मान मागे टाकायची, पाणी बारीक धारेने सोडायचं, दुसऱ्या हाताने केस मोकळे करत राहायचं. हे सांगताना तो माझ्या खोलीत हाताने करून दाखवत होता. माझ्या आजोळी आम्ही हेच करायचो म्हटल्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसला, आणि त्यानंतर आमचं बोलणं सोपं झालं.

आठ वाजता अभ्यास. आधी एकट्याने धर्मग्रंथ, मग जोडीने दिवसभरात कोणाला काय शिकवायचं त्याची तयारी, मग भाषा. दहाच्या सुमारास बाहेर. ऊन तोवर डोक्यावर आलेलं असायचं. ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला बाजूची गाडी जोडलेली रिक्षा, परवडेल तिथवर, पुढे पायी. फाटकाशी उभं राहून "ताओ पो!" अशी हाक द्यायची, दार ठोठवायचं नाही. आतून बाई डोकावते, कुत्रा भुंकतो, पोरं "हे जो!" म्हणून ओरडतात. अमेरिकी राजवट १९४६ला संपली, पण गोऱ्या माणसाला 'जो' म्हणायची सवय राहिली. मग प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, खाणं पुढे येतं. दूध-साखर-कॉफी एकत्र असलेली पुडी गरम पाण्यात ढवळून ठेवलेली असते आणि ती नम्रपणे नाकारायची असते, कारण चहा, कॉफी, दारू, तंबाखू यांतलं काहीच त्यांना चालत नाही. यजमानीणबाईचा चेहरा पडू न देता नाही म्हणणं ही त्या भाषेत त्याला जमलेली पहिली अवघड गोष्ट, असं तो सांगतो.

दुपारी भात आणि काहीतरी. संध्याकाळी चर्चच्या सभासदांच्या घरी जेवण असेल तर बरं. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, साधारण तोच प्रकार. नसेल तर खोलीवर अंडी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अंडी बऱ्याचदा असत. रात्री नऊ-साडेनऊला परत. कोणाला भेटलो, कोणी पुन्हा बोलावलं, कोण रविवारी यायला तयार आहे, याची नोंद फोनमधल्या ॲपमध्ये. उद्याचं नियोजन. डायरी. साडेदहाला दिवा बंद.

या सबंध दिवसात तो कधीही एकटा नसे. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब हीच. मिशनरी जोडीनेच राहतात, मुलगा मुलाबरोबर आणि मुलगी मुलीबरोबर. सोबती नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, अपवाद मोरीचा. सोबती निवडता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, त्यात तुमचा सोबती, तुमचं गाव किंवा दोन्ही बदलू शकतं. यादी मिशन प्रेसिडेंट ठरवतात. ते आणि त्यांच्या पत्नी तीन वर्षांसाठी आलेले वयाने मोठे लोक असतात. शे-दोनशे तरुणांचे ते एका अर्थी तात्पुरते आईबाप. दर आठवड्याला प्रत्येकाने त्यांना पत्र लिहायचं.

या मुलाचा तिथला तिसरा सोबती मिंडानाओ बेटावरचा फिलिपिनो. वडील मासेमारी करणारे. घरून नियमित पैसे येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचा खर्च चर्चच्या सर्वसाधारण मिशनरी निधीतून व्हायचा. टागालोग त्याचीही मातृभाषा नव्हती. घरात तो सेबुआनो बोलायचा. सुरुवातीला दोघांचं पटलं नाही. अमेरिकन मुलगा चिडला की गप्प व्हायचा, आणि फिलिपिनो मुलगा ते गप्प राहणं पाहून अधिकच विनोद करायचा. पण भांडून बाहेर पडायला जागा नाही. दार आपटून जायचं म्हटलं तरी नियमाप्रमाणे दुसऱ्याने मागून यायचंच. तेव्हा भांडण त्याच खोलीत, झोपायच्या आत मिटवावं लागे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना वर्गात बसवून शिकवता येत नाही असं काहीतरी ते दोघे त्या खोलीत शिकले, आणि हे मी वर्षानुवर्षं वसतिगृहातल्या रूममेटांची भांडणं सोडवून सांगते आहे.

सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस, बोलीत पी-डे. संध्याकाळपर्यंत सुट्टी. सुट्टी म्हणजे धुणं, बाजारहाट, केस कापणं आणि घरी बोलणं. धुणं हाताने. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर घामाची पिवळी पट्टी धरते, ती ब्रशने घासायची. जास्त घासलं तर कॉलर विरते, कमी घासलं तर डाग राहतो, आणि शर्ट मोजकेच. घरी बोलणं तर अगदी अलीकडचं. फेब्रुवारी २०१९पर्यंत आईवडिलांना फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला, बाकी ईमेल. त्या महिन्यात नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करायची मोकळीक आली. याच्या मोठ्या भावाने दोन वर्षांत चार वेळा आईचा आवाज ऐकला होता. याने दर सोमवारी आईचा चेहरा पाहिला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "थोरल्याच्या वेळी मी काळजी करायची. धाकट्याच्या वेळी मला काळजी दिसायची." नियम बदलला हे योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला परमुलखात पाठवून त्याचा आईशी संबंध वर्षात दोन तासांवर आणून ठेवणं कोणत्याही श्रद्धेसाठी गरजेचं नाही.

आता धर्मांतराचं. मराठी माणूस हे वाचताना तो प्रश्न मनात ठेवूनच वाचणार, आणि ठेवावाच. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आणि घरावर काय गुदरलं ते आपल्याला माहीत आहे. मॉर्मन मिशनरीही आपल्याकडे नवे नाहीत. १८५१मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. त्याचा बराचसा वेळ तिथल्या लष्करी छावणीतल्या युरोपीय लोकांत गेला आणि लष्करी अधिकाऱ्यांनी त्याची वाट अडवली. काही वर्षांत ते काम बंद पडलं. फिंडलेसारख्या प्रौढ माणसाच्या जागी आज एकोणीस वर्षांची मुलं असतात, त्यामुळे प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. आठवड्याला किती घरं, किती धडे, किती बाप्तिस्मे, याचे आकडे वरपर्यंत जातात. आकडा कमी पडला की मूल स्वतःलाच दोष देतं: माझ्या श्रद्धेत काहीतरी उणं आहे. या मुलाच्या डायरीत अशी पानं होती. त्याने ती मला वाचून दाखवली. समुपदेशक म्हणून मला इथे धोका दिसतो, आणि तो चर्चमधल्याही अनेकांना दिसतो.

पण त्याच्या आठवणीत ठळक राहिलेलं घर आकड्यांतलं नव्हतं. ट्रायसिकल चालवणारा एक माणूस, त्याची बायको, तीन मुलं. दोघांना चर्चमध्ये यायचं होतं. ती दोघं बारा-तेरा वर्षं एकत्र राहत होती, लग्न झालेलं नव्हतं. आणि अशा जोडप्याला कायदेशीर लग्नाशिवाय बाप्तिस्मा मिळत नाही. लग्नाला अडचण काय, तर त्या माणसाचं तरुणपणी एक लग्न झालं होतं, बायको कधीच निघून गेली होती. फिलिपिन्समध्ये मुस्लिम कायदा सोडला तर घटस्फोटाची सोयच नाही. जुनं लग्न न्यायालयाकडून रद्द ठरवून घ्यायचं तर वकिलाचा खर्च ट्रायसिकलवाल्याच्या कमाईत बसणारा नाही. ही दोन पोरं त्या माणसाबरोबर सरकारी कार्यालयात जाऊन रांगेत उभी राहिली. विवाह नोंदीचा दाखला मागवायचा, म्हणजे जुनं लग्न मुळात नोंदलं गेलं होतं का ते तरी कळेल. दाखला यायच्या आत मार्च उजाडला.

"त्याचं काय झालं असेल," असं तो बोलता बोलता तीनदा म्हणाला. मी ते टिपून ठेवलं.

२०२०ची सुरुवातच तिथे वाईट झाली होती. १२ जानेवारीला ताल ज्वालामुखी फुटला. याच्या गावापर्यंत फक्त राखेचा पातळ थर आला. फरशीवर आणि वाळत घातलेल्या शर्टांवर. पण त्या काही दिवसांत सभासदांबरोबर पाणी आणि मास्क वाटताना दोघांनाही वाटलं की आपण इथे खरोखर उपयोगाचे आहोत. मास्क तेव्हा राखेसाठी होते.

१२ मार्चला चर्चने जगभरच्या रविवारच्या सभा थांबवल्या. १७ मार्चला अध्यक्ष दुतेर्ते यांनी सबंध लुझॉन बेट बंद केलं. बस नाही, ट्रायसिकल नाही, नाक्यानाक्यावर पोलीस. परदेशी लोकांना देशाबाहेर जायला आधी ७२ तासांची मुदत जाहीर झाली. ती पुढे सैल केली, पण त्या क्षणी ते कोणाला ठाऊक? चर्चने परदेशी मिशनऱ्यांना बाहेर काढायचं ठरवलं. सामान बांधायला दोघांना एक रात्र मिळाली, खरं म्हणजे एकालाच. सोबती फिलिपिनो, तो मागे राहणार होता. त्याला दुसऱ्या एका फिलिपिनो मिशनऱ्याबरोबर ठेवायचं होतं. त्याच्या घराकडे, मिंडानाओला, जाणारी जहाजंही बंद झाली होती.

त्या रात्री दोघांनी शर्ट वाटून घेतले. म्हणजे अमेरिकन मुलाने आपले चांगले दोन शर्ट आणि बूट सोबत्यासाठी मागे ठेवले. सोबत्याचे पाय एक नंबर लहान, तरी त्याने घेतले. ट्रायसिकलवाल्याचा निरोप घ्यायला जाता आलं नाही. फोन केला, तो उचलला गेला नाही.

चर्चने भाड्याने घेतलेल्या विमानांनी फिलिपिन्समधले सुमारे १,६०० मिशनरी सॉल्ट लेक सिटीला आले. दिवस रविवार, २२ मार्च. चारच दिवस आधी तिथे ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता, विमानतळ काही तास बंद होता, आणि सॉल्ट लेक मंदिराच्या शिखरावरच्या देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली होती. त्या रविवारी विमानतळाच्या पार्किंगमध्ये घरच्यांची एकच गर्दी उसळली. अंतर ठेवा असं सांगितलं होतं, तरी लोक बिलगले, रडले, फुगे घेऊन आले. ती दृश्यं बातम्यांत आली, राज्यपाल गॅरी हर्बर्ट यांनी जाहीर नाराजी दाखवली, आणि लगेच नियम कडक झाले. महासाथीच्या दृष्टीने टीका रास्त होती. तरी त्या पार्किंगमधल्या एका आईला मी ओळखते, आणि दोन वर्षांऐवजी नऊ महिन्यांनी, आजाराच्या सावटातून आलेला मुलगा समोर दिसल्यावर तिने सहा फुटांवर उभं राहायला हवं होतं असं तिच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

घरी आल्यावर चौदा दिवस विलगीकरण. तळघरातली त्याची जुनी खोली. आई जेवणाचं ताट पायरीवर ठेवायची. हे चौदा दिवस त्याला जड गेले असतील असं मला वाटलं होतं. त्याने सांगितलं की ते सोपे गेले. नावपट्टी अजून छातीवर होती. साडेसहाला उठायचा, व्यायाम करायचा, अभ्यास करायचा, फोनवरून लुझॉनमधल्या घरांशी बोलायचा. तिथे तेव्हा रात्र असायची, कॉफीच्या पुडीवाल्या बाई जाग्या असायच्या. एकटा होता, पण दिवस आखलेला होता.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी स्टेक प्रेसिडेंटने, म्हणजे त्या परिसरातल्या मंडळ्यांच्या प्रमुखाने, व्हिडिओवरून बोलून त्याला तात्पुरतं मोकळं केलं. पाच-सात मिनिटांचं बोलणं. एरवी हा प्रसंग समोरासमोर होतो, आईवडील शेजारी असतात, नावपट्टी काढताना सगळे रडतात, पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून मुलगा आपले अनुभव सांगतो, लोक येऊन हात हातात घेतात. याला त्यातलं काहीच मिळालं नाही, कारण चर्चच बंद. स्क्रीन काळी झाली. वेळ दुपारी तीनची. त्याने नावपट्टी काढून टेबलावर ठेवली आणि पलंगावर बसला. जेवायला हाक आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा या दुपारी आहे. ज्वालामुखी, बंदी, विमान, विलगीकरण या सगळ्यांतून तो नीट निभावला, कारण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पुढची पायरी सांगत होतं आणि बहुतेक ठिकाणी शेजारी सोबती होता. नऊ महिने साडेसहा ते साडेदहा हे तास दुसऱ्याने भरून दिलेले. त्यात तो कष्टाळू झाला, भाषा शिकला, भांडण मिटवायला शिकला, आणि परक्या घरात मायेने बसायला शिकला. पण मोकळा तास हाताळण्याचा सराव मात्र एकदाही झाला नाही. तो सराव नसतानाच एका दुपारी सगळे तास एकदम त्याच्या हाती आले. त्यालाच तो 'श्रद्धा कमी पडली' असं नाव देत होता. घरचेही हळूच तेच विचारत होते, आणि युटात 'मिशनवरून लवकर आला' या शब्दांना जो वास आहे तो महासाथीतही पूर्ण गेला नव्हता. शेजारी आपुलकीनेच विचारायचे, "मग परत कधी?"

३१ मार्चला चर्चने या सगळ्या मुलांसमोर दोन पर्याय ठेवले: जमेल तितक्या लवकर पुन्हा सेवेत जायचं, मूळ संपण्याची तारीख कायम ठेवून, किंवा बारा ते अठरा महिने थांबून नव्याने जायचं. ३० एप्रिलपर्यंत कळवायचं. कुठे जायचं हे ज्याला कधी विचारलं गेलं नव्हतं, त्याला एका महिन्यात हे ठरवायचं होतं. त्याने पहिला पर्याय घेतला. कारण विचारल्यावर म्हणाला, "त्यात ठरवायचं कमी होतं."

उन्हाळ्यात त्याची नेमणूक टेक्सासमध्ये झाली. तिथला बराचसा काळ फ्लॅटमध्येच गेला: फोन, फेसबुक, व्हिडिओवरून धडे, अन्नछत्रात खोकी भरणं. सोबती पुन्हा मिळाला, वेळापत्रक पुन्हा मिळालं, आणि तब्येत सुधारली. त्यामुळे घरच्यांना वाटलं, सगळं ठीक झालं. २०२१च्या उन्हाळ्यात मुदत संपली, रीतसर निरोप झाला, चर्चमध्ये भाषणही झालं. दोन महिन्यांनी कॉलेज सुरू झालं आणि तीच दुपार परत आली, आता रोजची.

आमच्या कामाबद्दल थोडक्यात. नैराश्याची तपासणी केली. लक्षणं सौम्य होती, औषधाची गरज डॉक्टरांना वाटली नाही. त्याच्या श्रद्धेला मी हात लावला नाही. ती त्याची होती, आणि दुखणंही तिथे नव्हतं. दिवस पूर्ण आखू नये, एवढीच अट घातली. सकाळचा आखलेला भाग त्याने ठेवला, कारण तो त्याला आधार देत होता. दुपारी दोन तास मात्र बेत न ठरवता, एकट्याने, फोन खोलीत ठेवून घालवायचे. पहिल्या आठवड्यांत त्याला हे सहन होईना. तो त्या वेळात झोपायचा किंवा लायब्ररीच्या जिन्यावर येरझाऱ्या घालायचा. मग एक दिवस त्याने धुण्याचा साबण आणून वसतिगृहाच्या बेसिनमध्ये दोन शर्ट हाताने धुतले. मशीन खाली मोकळं असताना. त्याला स्वतःहून सुचलेली ती पहिली गोष्ट. पुढे तो त्या वेळात टागालोगमध्ये पत्रं लिहायला लागला, आणि टागालोग बोलणारा एक आजोबा त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात सापडला. हे मी सुचवलेलं नव्हतं.

दुसरा भाग राहून गेलेल्या निरोपांचा. त्याने सोबत्याला फोन केला. तो बंदीत अडकून महिनोन्महिने लुझॉनमध्येच राहिला होता, नंतर मिंडानाओला जाऊन पुन्हा मिशनवर परतला आणि मुदत पूर्ण करून आता बोटीवर वडिलांबरोबर होता. त्याला परतीच्या रविवारी फुगे नव्हते, दोन पर्यायांचं पत्र कसं आलं तेही आठवत नव्हतं. या सबंध घटनेविषयी इंग्रजीत जे लिहिलं गेलं ते बहुतांश विमानाने गेलेल्यांविषयी आहे. मागे राहिलेल्यांचे दिवस कोणीतरी फिलिपिनो भाषांतून टिपले पाहिजेत असं मला फार वाटतं.

ट्रायसिकलवाल्याचा माग सोबत्याकडूनच लागला. दाखला आला होता. जुन्या लग्नाची नोंद सापडली, म्हणजे मार्ग बंदच राहिला. बाप्तिस्मा झाला नाही. तरी तो माणूस, बायको आणि मुलं सभा सुरू झाल्यावर रविवारी येऊन मागच्या बाकावर बसतात, असं सोबती म्हणाला. हे ऐकून या मुलाने मला जे विचारलं ते त्याच्या चर्चच्या कोणत्याही अधिकाऱ्याने त्याला विचारायला शिकवलं नसावं: ज्या नियमामुळे ती माणसं मागच्या बाकावर बसतात, तो नियम बरोबर आहे का? त्याने उत्तर माझ्याकडे मागितलं नाही, मीही दिलं नाही. तो अजून त्याच चर्चमध्ये आहे, आणि हा प्रश्न त्याने आपल्या बिशपला, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखालाही विचारला आहे.

मिशनवरून परतलेले विद्यार्थी दर सत्रात माझ्याकडे येतात, मुलगे आणि मुलीही. या प्रकरणानंतर पहिल्या भेटीत मी श्रद्धेविषयी, अभ्यासाविषयी काही विचारत नाही. शेवटचा सोबती कोण होता, त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, आणि काल दुपारी दोन ते चार काय केलंत, एवढंच विचारते. तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात, आणि काम तिथूनच सुरू होतं.